हिरव्या गोंदणातले काळे काजळ

भंडारा जिल्ह्याच्या कोणत्याही गावात, मग ते वैनगंगेच्या काठी पवनीकडे वसलेले असो की तुमसरच्या बाजूस मँगनीजच्या खाणींच्या आसऱ्याने वाढलेले असो, सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांचे हात निरखून पाहिले म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंत हिरवट-निळ्या रेघांची आणि ठिपक्यांची नक्षी दृष्टीस पडते. तीत कोठे तुळशीवृंदावन असते, कोठे विंचू, कोठे सीतेची रसोई, आणि कपाळावर किंवा हनुवटीवर एखादे टिंब तर बहुधा असतेच. हा मुलूख मध्य प्रांतात मोडत होता त्या काळी, म्हणजे १९१६ साली, रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी त्या प्रांतातील जातिजमातींवर चार खंडांचा जो बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही या प्रथेची दखल घेतलेली आढळते. अंगावरचे सोने सावकाराच्या तिजोरीत जाते, चोराच्या हाती लागते आणि अखेरीस तर ते उतरवूनच घेतात, पण गोंदण मात्र माणसाच्या बरोबर जाते, अशी या स्त्रियांची श्रद्धा असे. आणि शास्त्राच्या दृष्टीने पाहता त्या श्रद्धेतील पूर्वार्ध, म्हणजे गोंदण जन्मभर सुटत नाही हा भाग, अगदी अलीकडेपर्यंत निर्विवाद खरा होता.

तो खरा राहिला नाही याचे श्रेय लेसर नावाच्या प्रकाशाला आहे. मात्र आजीबाईंच्या हातावरील गोंदणे पुसून टाकावीत असे कोणी म्हणत नाही, निदान त्या स्वतः तर म्हणत नाहीतच. लेसरच्या दवाखान्याची पायरी चढतात ते त्यांचे नातू. दिवाळी आटोपली की या झाडीपट्टीच्या मुलखात गावोगावी मंडई भरते, तीत पाळण्याच्या आणि मिठाईच्या दुकानांच्या ओळीत बॅटरीवर चालणारे गोंदण्याचे यंत्र घेऊन एखादा माणूस बसलेला असतो, आणि अठरा वर्षांचा तरुण मित्रांच्या भरीला पडून दंडावर किंवा मानेवर एखादे नाव कोरून घेतो. (ती सुई त्याच्याआधी कितीजणांच्या अंगात शिरून आली आहे हे तो विचारीत नाही, काविळीच्या आणि एड्सच्या विषाणूंना असा मार्ग पुरेसा असतो, एवढे जाता जाता सांगून ठेवतो.) पुढे एके दिवशी तो भरतीच्या मैदानावर उभा राहतो. भारतीय सैन्याच्या भरतीच्या नियमांप्रमाणे कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताच्या आतील बाजूवर आणि पंजाच्या मागील बाजूवर कायमचे गोंदण चालते, शरीरावर इतरत्र चालत नाही. आदिवासी उमेदवारांच्या बाबतीत त्यांच्या जमातीची रूढी पाहून प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र विचार करण्याची सवलत ठेवलेली आहे, पण मंडईत कोरलेले नाव काही रूढीत बसत नाही. मग मुदत थोडी आणि घाई फार, अशा अवस्थेत कोणी चुना लावतो, कोणी बिब्ब्याचे तेल घालतो, कोणी बॅटरीतले आम्ल मिळवतो, आणि नावाच्या जागी जो जाड, गुळगुळीत व्रण उठतो तो नावापेक्षाही ठळक दिसतो.

या उपायांचा दोष असा की ते कातडीला ओळखतात, शाईला ओळखत नाहीत. शाई जेथे असते तेथवर जाण्यासाठी वाटेतील सर्व काही जाळीत जाणे एवढाच मार्ग त्यांना ठाऊक असतो. प्रकाशाची गोष्ट निराळी आहे, आणि ती नीट समजून घ्यावयाची तर प्रथम एका साध्या विसंगतीकडे लक्ष दिले पाहिजे: गोंदण दिसते हिरवे, पण त्यात घातलेले द्रव्य काळे असते.

जुन्या गोंदणाची कृती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगावयास नको. तेलाच्या दिव्यावर धरलेले काजळ पाल्याच्या रसात किंवा बिब्ब्याच्या तेलात खलावयाचे, तीनचार सुया दोऱ्याने एकत्र आवळून त्या काजळात बुडवावयाच्या, आणि मुलीचा हात गुडघ्याखाली दाबून धरून टोच्यामागून टोचा देत जावयाचे. नंतर रक्त पुसून वरून हळद आणि तेल चोपडावयाचे. काजळ म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन, आणि त्याच्याइतका काळा पदार्थ निसर्गात विरळा. तो त्वचेच्या वरच्या थरात राहिला असता तर महिनाभरात खपलीबरोबर निघून गेला असता, कारण तो थर, ज्याला बाह्यत्वचा म्हणतात, सतत झिजत आणि नवा होत असतो. पण सुई त्याच्या खाली, अंतस्त्वचेत, पृष्ठभागापासून सुमारे एक-दोन मिलिमीटर खोल जाते. तेथे शरीरातील भक्षक पेशी त्या परक्या कणांना गिळतात, आणि पचविता येत नाहीत म्हणून पोटात ठेवून बसतात. २०१८ साली फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले की या पेशीही अमर नसतात. एक मरते तेव्हा तिच्या पोटातील रंग बाहेर पडतो आणि शेजारची नवी पेशी तो पुन्हा गिळते. म्हणजे आपण जिला स्थिर रेघ समजतो ती वस्तुतः वारसाहक्काने हस्तांतरित होत असलेली मालमत्ता आहे, आणि गोंदणाचे टिकणे हे काजळाच्या चिकटपणावर नसून या अखंड फेरफारीवर अवलंबून आहे.

आता रंगाविषयी. सूर्यप्रकाशातील निळे-जांभळे किरण आखूड लांबीचे असल्यामुळे त्वचेच्या तंतूंवर आदळून वरच्यावरच विखुरतात आणि त्यांतील बराच भाग काजळापर्यंत न पोहोचताच आपल्या डोळ्यांकडे परत येतो. तांबड्या किरणांची लहर लांब, ते कमी विखुरतात, खोल उतरतात आणि काजळात गडप होतात. परत येणाऱ्या प्रकाशात तांबडा भाग असा उणा पडला म्हणजे उरलेला प्रकाश निळसर-हिरवा भासतो, आणि त्यावर त्वचेचा पिवळसर-तपकिरी रंग चढून शेजारणींनी एकमेकींत वाखाणलेली ती हिरवी छटा सिद्ध होते. हा केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. आजीच्या हातावरील हिरवे आणि शहरातल्या दुकानात खरोखरच्या हिरव्या रंगाने काढलेले हिरवे यांत वैद्याच्या दृष्टीने महदंतर आहे: पहिल्यावर जो किरण चालतो तो दुसऱ्यावर जवळजवळ निष्फळ ठरतो. शिवाय लांब लहरीचा प्रकाश खोल जातो, ही जी गोष्ट त्या हिरव्या छटेने आपणास आयतीच सांगितली, तिच्यावरच पुढील सारी उपचारपद्धती उभी आहे.

लेसरचे तत्त्व आइन्स्टाइन यांनी १९१७ साली कागदावर मांडले होते: उत्तेजित अवस्थेतील अणूवर योग्य त्या लहरीचा प्रकाश पडला तर तो अणू अगदी तशाच प्रकाशाचा आणखी एक कण सोडतो. त्याचे यंत्र होण्यास त्रेचाळीस वर्षे लागली. १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी कृत्रिम माणकाच्या कांडीतून ६९४ नॅनोमीटर लांबीचा गर्द तांबडा किरण काढला. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक-अब्जांश. दिव्याच्या प्रकाशात सर्व रंगांची मिसळ असते आणि तो दशदिशांना पांगतो. या किरणात एकच रंग, एकच दिशा, आणि त्याचे सारे सामर्थ्य क्षणाच्याही सूक्ष्म अंशात एकवटता येण्याची सोय. सिनसिनाटी येथील त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी तीन वर्षांच्या आतच तो माणसाच्या त्वचेवर वापरून पाहिला आणि १९६५ साली अत्यल्पकाळ चमकणाऱ्या माणिक-लेसरने गोंदणावर केलेल्या प्रयोगांचा अहवालही प्रसिद्ध केला. आश्चर्य असे की ते काम त्यानंतर सुमारे अठरा वर्षे दप्तरात पडून राहिल्यासारखे झाले; १९८३ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील शल्यतज्ज्ञांनी काळ्या गोंदणांवर तीच रीत पुन्हा हाती घेतली तेव्हा कोठे जगाचे लक्ष तिकडे गेले.

मधल्या काळात लेसरचा उपयोग मुख्यतः शस्त्रासारखा झाला, आणि त्या शस्त्राचा जनक आपल्याकडचा आहे. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीस झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन ते अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले, तेथून डॉक्टरेट मिळवून १९६१ साली बेल प्रयोगशाळेत रुजू झाले, आणि १९६४ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षाच्या सुमारास, कार्बन डायऑक्साइड वायूपासून लेसर निर्माण करून दाखविला. त्याचा किरण १०,६०० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना सर्वथा अदृश्य, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की पाणी त्याला तात्काळ शोषून घेते. मानवी त्वचेचा मोठा हिस्सा पाण्याचाच असल्यामुळे हा किरण जेथे पडतो तेथील पेशी वाफ होऊन उडून जातात. मस, चामखीळ, जाड झालेले व्रण, यांच्यावर तो फार उपयोगी पडला आणि पडतो, शिवाय कापताना बारीक रक्तवाहिन्या मिटतात म्हणून रक्तस्रावही कमी. २००४ साली बॉस्टनमध्ये एक निराळी तोड निघाली: किरण सलग न पाडता केसाएवढ्या बारीक स्तंभांत पाडावयाचा आणि मधली त्वचा शाबूत ठेवावयाची, म्हणजे ती शाबूत त्वचा शेजारची जखम लवकर भरून काढते. ही तोड पटेल यांच्या लेसरलाही लागू केली गेली, आणि मुरुमांचे खड्डे किंवा भाजल्याचे आखडलेले व्रण घेऊन आलेल्या रुग्णावर आज जो उपचार होतो त्यात बव्हंशी याच किरणाचा अवलंब केलेला असतो. गोंदणाच्या कामी मात्र पाण्याला ओळखणारा हा किरण आम्लाच्याच पंक्तीला बसतो. शाई आणि त्वचा यांत त्याला भेद कळत नाही, आणि सत्तरच्या दशकात त्याने पुसलेल्या गोंदणांच्या जागी शाईऐवजी व्रण राहिले ते याच कारणाने.

भेद कळण्याची युक्ती १९८३ सालीच बॉस्टन येथील रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी 'सायन्स' या नियतकालिकात मांडली, आणि त्वचेच्या लेसर-चिकित्सेत तिच्याएवढा मौलिक विचार दुसरा झालेला नाही असे माझे मत आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ज्या वस्तूला नष्ट करावयाचे ती ज्या रंगाचा प्रकाश अधिक शोषते तो रंग निवडा, आणि तेवढ्याने भागत नाही, तो प्रकाश इतक्या अल्प काळ द्या की तापलेल्या वस्तूतून उष्णता शेजारी झिरपण्यापूर्वीच काम उरकलेले असेल. लक्ष्य जितके लहान तितके ते लवकर थंड होते. एक दशांश मिलिमीटर जाडीची रक्तवाहिनी निवण्यास काही सहस्रांश सेकंद घेते, म्हणून जन्मजात तांबड्या डागांवर ५९५ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश सहस्रांश सेकंदाच्या हिशेबाने देतात, जो रक्तातील तांबड्या द्रव्यात शोषला जातो आणि वाहिनीची भिंत आतून शिजवितो. काजळाचा कण रक्तवाहिनीच्या हजार पटींनी बारीक. त्याला निवण्यास अब्जांश सेकंदांचाच अवधी लागतो. म्हणून गोंदणावर मारावयाचा लेसर पाच ते दहा नॅनोसेकंद एवढाच चमकतो. एका नॅनोसेकंदात प्रकाश स्वतः जेमतेम फूटभर सरकतो हे लक्षात घेतले म्हणजे या कालखंडाची कल्पना येईल. एवढ्या वेळात कण भयंकर तापतो, पण वितळत बसत नाही, तो फुटतो. जणू आतून सुरुंग लागावा तसे त्याचे तुकडे होतात, आणि जे कण भक्षक पेशींना पूर्वी हलविता येत नव्हते त्यांचे तुकडे आता लसिकेच्या प्रवाहात पडून हळूहळू वाहून जाऊ लागतात. काही जवळच्या गाठींत जाऊन विसावतात. २०१२ पासून पिकोसेकंदाचे, म्हणजे नॅनोसेकंदाच्याही सहस्रांशाच्या हिशेबाचे लेसर निघाले आहेत. ते कण अधिक बारीक फोडतात, किंमतही त्याच मानाने अधिक घेतात, आणि काळ्या काजळासाठी ते नसले तर अडून बसावे असे काही नाही.

येथवरचे शास्त्र गोऱ्या कातडीच्या मुलखात घडले, आणि म्हणूनच आपल्याकडे त्याची खरी कसोटी लागते. १९७५ साली फिट्झपॅट्रिक नावाच्या तज्ज्ञांनी त्वचेचे, उन्हात ती किती भाजते आणि किती काळवंडते यावरून, वर्ग पाडले. पुढे ते सहा ठरले. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याची त्वचा त्यांतील चौथ्या-पाचव्या वर्गात मोडते. तिच्या बाह्यत्वचेत मेलॅनिन नावाचे तपकिरी द्रव्य विपुल असते. ते तेथे उन्हापासून संरक्षण करण्यासाठी असते, पण लेसरच्या किरणाला त्याच्याच अंगावरून खाली उतरावे लागते. गावाच्या वेशीवर जकातनाका असावा आणि आतल्या पेठेत जाणाऱ्या प्रत्येक गाडीने तेथे माल उतरवून भरणा करावा, तसा हा प्रकार आहे. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण आला तर नाक्यावरच बहुतेक माल जप्त होतो, पेठेत थोडाच पोहोचतो, आणि जप्त झालेल्या उष्णतेने नाकाच जळून जातो. त्वचेच्या भाषेत याचा अर्थ फोड, मग काळा डाग, आणि कधीकधी कायमचे पांढरे ठिपके. मेलॅनिनचे कण काजळापेक्षा मोठे असल्याने त्यांना निवण्यास अधिक वेळ लागतो, आणि म्हणून प्रकाशाचा काळ अल्प ठेवल्याने त्यांचा बचाव होत नाही. पाच नॅनोसेकंदांच्या झोतात तेही सापडतातच. बचाव होतो तो केवळ लहरीच्या निवडीने. मेलॅनिनची शोषणशक्ती लहर लांबत जाईल तशी झपाट्याने घटते. १०६४ नॅनोमीटरच्या अदृश्य किरणाला ते ५३२च्या तुलनेत सुमारे दहाव्या हिश्शानेच अडविते. काजळाला मात्र सर्व लहरी सारख्याच; ते काहीही गिळते. तेव्हा सावळ्या त्वचेवर १०६४, काळी शाई, आणि बेताची मात्रा, हा मेळ जमला म्हणजे काम निर्वेध होते. देवाने आमच्या आज्यांच्या हातात काजळच घातले आणि शहरी रंगांची पेटी घातली नाही हे त्या अर्थाने बरेच झाले, कारण जुन्या हातगोंदणात कार्बन विरळ असतो आणि तो पुसणे यंत्राने भरलेल्या दाट, बहुरंगी चित्रापेक्षा पुष्कळच सुकर असते. खऱ्या हिरव्या-निळ्या रंगांना ६९४ किंवा ७५५ नॅनोमीटरचा किरण लागतो, आणि तो आपल्या नाक्यावर पुन्हा जकात देऊनच आत जातो.

प्रत्यक्ष बैठकीत काय घडते? बधिर करणारे मलम लावून तासभर जागा झाकून ठेवतात. मग ते पुसून रुग्णाच्या आणि खोलीतील प्रत्येकाच्या डोळ्यांवर त्या लहरीपुरता खास चष्मा चढवितात, कारण १०६४चा किरण दिसत नाही आणि एकदा दृष्टिपटलावर पडला तर भरून न येणारी हानी करून जातो. चेहऱ्यावर पापण्यांच्या जवळ काम असेल तर धातूची टोपणे. यंत्राचे टोक त्वचेपासून ठराविक अंतरावर धरले जाते आणि 'टक्-टक्' असा, रबर ताणून सोडल्यासारखा फटका बसू लागतो. क्षणार्धात हिरवी रेघ पांढरीफेक होते, तीही नेमकी रेघेपुरतीच, बाजूच्या त्वचेला स्पर्श न करता. जणू कोणी तीच नक्षी खडूने पुन्हा गिरवली आहे. पाहणाऱ्याला वाटते की गोंदण गेले. ते गेलेले नसते. तापलेल्या कणांभोवती सूक्ष्म बुडबुडे उठतात आणि त्यांच्यावरून प्रकाश परावर्तित होतो म्हणून ती पांढरी दिसते. वीसएक मिनिटांत बुडबुडे विरतात आणि रेघ जशीच्या तशी, थोडी सुजलेली, परत येते. नवख्या रुग्णाचा या क्षणी हिरमोड होतो, आणि तो होणार हे त्याला आधी सांगून ठेवणे चिकित्सकाचे कर्तव्य आहे. खरे फिके पडणे पुढील सहा-आठ आठवड्यांत, भक्षक पेशींच्या सवडीने होते. म्हणूनच दोन बैठकींत तेवढे अंतर ठेवावयाचे. जुन्या काजळी गोंदणाला चार-सहा बैठका पुरतात, दाट व्यावसायिक चित्राला त्याच्या दुप्पट लागल्या तरी नवल नाही. आणि भरती पंधरा दिवसांवर आली आहे असे सांगत जो तरुण येतो त्याला शास्त्र कोणतीही मदत करू शकत नाही.

भंडाऱ्यात या मुदतीच्या हिशेबात आणखी एक पक्षकार असतो, तो म्हणजे ऊन. उपचारानंतरच्या आठवड्यांत त्वचा डिवचलेली असते आणि उन्हाचा लेश लागला तरी मेलॅनिनचा ढीग घालून ठेवते. धानाच्या मुलखात आषाढ-श्रावणात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि चुरणे, आणि जेथे उन्हाळी धान घेतात तेथे चैत्र-वैशाखातही पाण्यात उभे राहणे, असा क्रम असल्याने उघड्या हातावर उपचार सुरू करण्यास कापणी आटोपल्यानंतरची थंडी सोयीची. मार्गशीर्षात पहिली बैठक घेतली तर ऊन तापण्यापूर्वी दुसरी, क्वचित तिसरीही होऊन जाते. पूर्ण बाहीचा सदरा हा त्या काळातील उत्तम आणि सर्वांत स्वस्त उपाय. आजवर अशा उपचारासाठी भंडारा, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर या तालुक्यांतील लोक नागपूरचाच रस्ता धरीत आले. नागपूर भंडाऱ्यापासून साठएक किलोमीटर. २०२४ साली भंडाऱ्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा प्रारंभ झाला आहे, तेव्हा निदान त्वचारोगाच्या निदानासाठी तरी जिल्ह्याची हद्द ओलांडण्याची तसदी पुढेमागे कमी व्हावी अशी अपेक्षा बाळगण्यास हरकत नाही.

निदान हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला, कारण लेसरचे यंत्र समोर येते ते निदान झाल्यानंतर, आधी नव्हे. आणि पूर्व विदर्भात ही गोष्ट दुप्पट महत्त्वाची आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे जिल्हे कुष्ठरोगाच्या दृष्टीने राज्यात अजूनही लक्ष ठेवण्याजोगे मानले जातात. अंगावर फिकट चट्टा आला, तो खाजत नाही, दुखत नाही, म्हणून 'डाग काढणाऱ्या' दुकानात जाणाऱ्या माणसाच्या त्या चट्ट्यावर कापसाचा बोळा फिरविला तर त्याला तो कळतो की नाही, एवढे पाहण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. कळत नसेल तर तेथे किरणाचे काही काम नाही. सरकारी दवाखान्यात बहुविध औषधोपचार विनामूल्य मिळतो, रोगाच्या प्रकारानुसार तो सहा महिने किंवा वर्षभर घेतला की रोग बरा होतो, आणि वेळेवर घेतला तर हातापायांच्या नसाही वाचतात. बधिर चट्ट्यावर लेसर मारून घेण्यात गेलेले महिने त्या नसांच्या खात्यातून वजा होतात. पांढऱ्या कोडाची गोष्ट वेगळी. तेथे संवेदना शाबूत असते, आणि ३०८ नॅनोमीटरच्या अतिनील किरणाने, आठवड्यातून दोन-तीन वेळा, मर्यादित चट्ट्यांत रंग परत आणण्याचा प्रयत्न करता येतो. येथे लेसर काही नष्ट करीत नाही, निद्रिस्त रंगपेशींना जागे करतो. चेहऱ्यावर यश बरे, बोटांच्या टोकांवर कमी.

वांगाच्या बाबतीत मात्र माझे मत प्रतिकूल आहे. गालांवर तपकिरी पट्टे उठलेल्या स्त्रिया, ज्यांतील कित्येकींचे अर्धे आयुष्य उन्हातील बांधावर जाते, आधी दुकानातून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आणलेले गोरेपणाचे मलम लावतात. त्यात बहुधा स्टेरॉइड असते, चारआठ दिवस चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होऊन लालबुंद पडते. त्यानंतर लेसरच्या जाहिरातीकडे लक्ष जाते. मंद मात्रेचा १०६४ वांगाला तात्पुरता फिका करतो हे खरे. पण वांग परततो, आणि वारंवार मारलेल्या किरणांनी गालावर पांढरे ठिपके पडल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात भरपूर आहेत. पदर, टोपी, सूर्यरोधक मलम आणि धीर, यांचा अंमल सुरू होण्याआधी यंत्राकडे जाणे म्हणजे बंदोबस्ताशिवाय वसुलीला निघणे होय.

गोंदणाकडे परत येऊन एक शेवटचा धोका सांगतो. हल्ली भुवया आणि ओठ यांना कायमचा रंग भरून देण्याची टूम निघाली आहे. त्या तांबूस, त्वचेच्या रंगाच्या किंवा पांढऱ्या द्रव्यांत लोहाची आणि टायटेनियमची संयुगे असतात. त्यांच्यावर नॅनोसेकंदाचा झोत पडला की ती नाहीशी होण्याऐवजी क्षणात काळीठिक्कर पडतात, आणि गुलाबी ओठांची रेघ काजळाची होऊन बसते. हे टाळण्याचा मार्ग एकच, आणि तो सावळ्या त्वचेच्या प्रत्येक रुग्णाला सारखाच लागू आहे: पहिल्या भेटीत नखाएवढ्या जागेवर, झाकलेल्या बाजूस, एकच झोत देऊन पाहावयाचा आणि चार-सहा आठवडे त्या जागेचे काय होते ते पाहत थांबावयाचे. कोणत्या लहरीचा लेसर वापरणार हे विचारताच जो सरळ आकडा सांगतो, ही चाचणी स्वतः होऊन सुचवितो आणि त्याच दिवशी पूर्ण गोंदणावर काम सुरू करण्यास नकार देतो, अशा नोंदणीकृत त्वचारोगतज्ज्ञाकडेच पुढील तारीख घ्यावी.